गढूळ पाण्यात चोणकाला काय दाखवायचं

चोणकासाठी, म्हणजे जिताड्यासाठी, कुठल्या रंगाचा लूर (नकली आमिष) घेऊ असं विचारणारे बरेच भेटतात, आणि मी दरवेळी उलट विचारतो की पाणी कसं आहे तिथं? कारण माझ्या मते रंग सगळ्यात शेवटी. आधी लूर किती खोल जातो ते बघा, मग तो किती थरथरतो-वाजतो ते, आणि मग रंग.

पावसाळ्यात गोव्यातली मांडवी नदी घ्या की शापोरा, लाल माती धुऊन येते आणि पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत. अशा वेळी मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या लॅटरल लाईनवर जास्त विसंबतो, पाण्यातली हालचाल त्याला तिथं कळते. म्हणून रॅटलवाला (आत गोळ्या खुळखुळणारा) लिपलेस, म्हणजे तोंडाला पट्टी नसलेला लूर, नाहीतर जाड, हलत्या शेपटीचा मऊ पॅडल टेल, चार-पाच इंची, आणि ओढायचा सावकाश, मध्ये मध्ये थांबवत, घाई अजिबात नको. रंग काळा किंवा गडद जांभळा. काळा म्हटलं की लोक दचकतात, पण मासा खालून वर बघतो तेव्हा उजेडासमोर काळी आकृतीच ठळक दिसते. चंदेरी लूर चमकायला उजेड लागतो, तो या पाण्यात फार आत जातच नाही.

आणि नदीच्या मुखाजवळ अजून एक भानगड असते. गोडं पाणी हलकं म्हणून वरून वाहतं, खारं जड म्हणून तळाशी राहतं, त्यामुळे वर दिसणाऱ्या लाल पाण्यावरून खालचा अंदाज बांधू नका. जिग हेड (वजन बसवलेली गरी) तळाला लागलेलं हाताला कळलं पाहिजे, 14 ग्रॅमचं वाहून जात असेल तर सरळ 21 चं लावा.

पाऊस गेला की पाणी निवळतं, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत तर जास्तच, कारण ओढ कमी असते आणि गाळ खाली बसतो. तेव्हा मात्र लहान मिनो (बारीक माशाच्या आकाराचा लूर), शेवटो माशाच्या पिल्लासारखा चंदेरी, आणि फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे लूरच्या आधी बांधायचा, पाण्यात कमी दिसणारा दोराचा तुकडा. लीडर फार बारीक करू नका, चोणकाच्या गालफडाची कड धारदार असते, सरळ कापते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ वाढून पाणी जानेवारीतही परत गढूळ होतं, त्यामुळे काळा लूर बारा महिने सोबत हवाच.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे खाजनाची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीची) मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं. सुकती लागली की दारं उघडतात, आतलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारीक मासळी येते आणि मोठा मासा बाहेर वाट बघत असतो. तिथं सुंगटाच्या आकाराचा सॉफ्ट प्लास्टिक हलक्या जिग हेडवर लावा, 5-7 ग्रॅम पुरे, आणि रील फिरवू नका, पाण्याबरोबर जाऊ द्या, फक्त दोर ढिला पडणार नाही एवढंच बघा. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, म्हणून ज्याने ती घेतली असेल त्याला आधी विचारा. आणि कुंभारजुवेच्या कालव्याकडे पाण्यात उतरू नका, तिथं मगरी आहेत, बांधावरूनच टाका.

तांबसो मासा हवा असेल तर खारफुटीच्या मुळांना अगदी लागून टाकावं लागतं, तिथं उघडी गरी अडकते, वीडलेस हूक (टोक झाकलेली गरी) हवा. रीलचा ड्रॅग (दोर किती सहज सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आधीच घट्ट करून ठेवा, कारण लागल्याबरोबर तो परत मुळांत शिरायला बघतो आणि एकदा शिरला की दोर तुटतोच.