ओलांडची निवडणूक पाहायला जायचं असेल तर

ओलांड बेटांच्या संसदेची, म्हणजे लागटिंगची, निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी होते. तारीख आधीपासून पक्की असते, त्यामुळे बाहेरच्या माणसालाही बेत आखता येतो. २०२३ मध्ये ती १५ ऑक्टोबरला होती आणि मी ती पाहायला स्टॉकहोमहून गेले होते. पुढची १७ ऑक्टोबर २०२७ ला येईल. स्वीडन-फिनलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाला राजकारणात रस असेल, किंवा कुणी भारतातून त्या सुमारास इकडे येणार असेल, तर हा शनिवार-रविवार तिथे जरूर घालवा. कसं जायचं, काय पाहायचं, कुठे जपायचं, ते सगळं सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर तिथे फक्त शांत गल्ल्या आणि समुद्र दिसेल. ओलांड फिनलंडचा भाग आहे, पण भाषा स्वीडिश. लोकसंख्या साधारण ३० हजार. महाराष्ट्रातल्या एका विधानसभा मतदारसंघात याच्या दहापट मतदार असतात! तरीही या बेटांना स्वतःचे कायदे करणारी ३० जणांची संसद आहे, सरकार आहे, झेंडा आहे, १९८४ पासून स्वतःची टपाल तिकिटं आहेत. शिक्षण, आरोग्य, पोलीस, टपाल, पर्यावरण हे विषय लागटिंगकडे; परराष्ट्र धोरण, न्यायालयं आणि बहुतेक कर हेलसिंकीकडे. पहिल्या महायुद्धानंतर ओलांडच्या लोकांना स्वीडनमध्ये जायचं होतं. प्रकरण राष्ट्रसंघाकडे गेलं आणि १९२१ मध्ये निकाल लागला: बेटं फिनलंडची, पण भाषा आणि स्थानिक चालीरीती जपण्याची हमी फिनलंडने द्यायची. ९ जून १९२२ ला लागटिंग पहिल्यांदा भरली. तो दिवस अजूनही स्वायत्तता दिन म्हणून साजरा होतो.

आता जायचं कसं. स्टॉकहोमहून वायकिंग लाइनची किंवा टालिंक सिलियाची मोठी बोट धरली तर साडेपाच-सहा तासांत मारिएहाम्नला पोचता. दुसरा मार्ग एकेरो लिनयेनचा: स्टॉकहोमहून बसने ग्रिस्लेहाम्न, तिथून दोन तासांची बोट, मग एकेरोहून पुन्हा बस. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. एक तर स्वस्त पडतो, आणि एकेरोला उतरल्यावर १८२८ सालची टपाल आणि जकात कचेरी पाहायला मिळते. रशियन साम्राज्याची हद्द इथे सुरू व्हायची आणि ते स्वीडनला दिसावं म्हणून कार्ल लुडविग एंगेल या वास्तुविशारदाकडून ही दिमाखदार इमारत बांधून घेतली होती. कोळ्यांच्या घरांमध्ये एवढी मोठी कचेरी का, हे उमगलं की ओलांडचा निम्मा इतिहास समजतो. फिनलंडकडून येणाऱ्यांना तुर्कूहून बोट आहे.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: ओलांड शेंगेनमध्ये आहे, वेगळा व्हिसा लागत नाही. स्वीडनचं रेसिडन्स कार्ड असेल तर ते आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा. चलन युरो, आणि घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे. परतीची बोट पकडताना हा तास डोक्यात ठेवा. बोट सुटली की मोबाईलचा डेटा बंद करा, कारण भर समुद्रात फोन बोटीच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर भयंकर असतात. बोटीवर गर्दी खूप दिसेल, पण त्यातले अनेक जण मारिएहाम्नला उतरतच नाहीत. ओलांड युरोपीय संघाच्या मूल्यवर्धित कराच्या क्षेत्राबाहेर आहे, म्हणून या बोटींवर करमुक्त माल विकता येतो आणि लोक तेवढ्यासाठी जाऊन-येऊन करतात. हीच सवलत बेटांच्या जहाज उद्योगाचा आधार आहे, त्यामुळे प्रचारात तिला धक्का लावायची भाषा कुणी करत नाही.

मारिएहाम्न हे एकमेव शहर, ११-१२ हजार वस्तीचं. निवडणुकीच्या आदल्या दिवसांत तोर्यगातान या पायी चालायच्या रस्त्यावर फेरफटका मारला की सगळे पक्ष भेटतात. लाउडस्पीकर नाही, मिरवणूक नाही. उमेदवार स्वतः थर्मास घेऊन उभे असतात. कॉफी देतात आणि तुम्ही मतदार नाही हे कळल्यावरही बोलत राहतात. मला मध्य पक्षाच्या एका उमेदवार बाईंनी कम्युनांच्या विलीनीकरणाचा सगळा वाद समजावून सांगितला. ओलांडमध्ये १६ कम्युन आहेत, म्हणजे आपल्या नगरपरिषदा-ग्रामपंचायतींसारख्या संस्था. २०१५ ते २०१९ मधल्या लिबरल पक्षाच्या कात्रिन शोग्रेन यांच्या सरकारने त्यांचं एकत्रीकरण करून चारच मोठ्या कम्युन ठेवायचा कायदा केला. २०१९ मध्ये मध्य पक्ष पुढे आला, त्याच्या वेरोनिका टोर्नरूस सरकारच्या प्रमुख झाल्या आणि ती योजना गुंडाळली गेली. ‘शाळा आणि म्हाताऱ्यांची देखभाल कोण सांभाळणार, हे लांबच्या कचेरीतून ठरायला नको,’ असं त्या बाईंचं म्हणणं. शेजारी उभ्या असलेल्या लिबरल तरुणाचं उलट म्हणणं, की शंभर माणसांची सोट्टुंगा स्वतंत्र कम्युन म्हणून किती दिवस चालणार? दोघं एकमेकांचं बोलणं पुरं ऐकून घेत होते. मला दोन्ही बाजू पटल्या, पण जास्त पटली ती त्या बाईंची.

शनिवार मात्र शहरात घालवू नका. बेटांवर जा. निवडणुकीचा खरा विषय तिथे दिसतो. मी फोग्लोला गेले: मारिएहाम्नहून बसने स्वीनोचा धक्का, तिथून फेरीने देगेरब्यू. पाण्यावरचा वेळ जेमतेम अर्धा तास. फेरीत गाड्या लागतात त्या डेकवर वारा इतका बोचरा होता की सगळे वरच्या छोट्या खोलीत बसलेले. भिंतीवर फेरीचं वेळापत्रक आणि त्याच्या शेजारी उमेदवारांची छापील यादी, प्रत्येक नावापुढे क्रमांक. समोर एक आजी किराण्याच्या पिशव्या पायाशी घेऊन बसल्या होत्या. मत कुणाला, ते मी विचारलं नाही, तिथे कुणी विचारत नाही. ‘निवडणुकीत महत्त्वाचं काय?’ एवढंच विचारलं. त्यांनी बोटाने वेळापत्रकाकडे दाखवलं.

मग त्या बोलत राहिल्या. शेवटची फेरी किती वाजता सुटते, यावर तिथल्या माणसाचं आयुष्य ठरतं. मुलीला शहरात नोकरी करून फोग्लोत राहता येईल की नाही, नातवाला संध्याकाळी खेळायला जाता येईल की नाही, डॉक्टरकडे गेलेला माणूस रात्री घरी परत येईल की नाही. फोग्लोला बोगदा करावा की नवी फेरी आणावी, हा वाद वर्षानुवर्षं चाललाय. दर निवडणुकीत आश्वासन, दर सरकारात नवा आराखडा. आजींना बोगदा नको होता. बोगदा झाला की फेरीवरची माणसं जातील, आणि फेरीवर काम करणारी कुटुंबंच बेटावर टिकून आहेत, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या शेजारचा माणूस मान हलवत होता. त्याला बोगदा हवा होता. देगेरब्यू येईपर्यंत दोघं वाद घालत होते आणि उतरताना त्यानेच त्यांच्या पिशव्या उचलल्या.

फोग्लोला जाताना परतीची वेळ आधीच पाहून ठेवा. ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवारी बस अगदी मोजक्या असतात आणि फेरीशी जोडणारी बस चुकली तर धक्क्यावर तासन्‌तास उभं राहावं लागतं. अंधार सहानंतर लवकर पडतो. वाऱ्याला अडवेल असं जाकीट घ्या. तापमान पाच ते दहा अंश असलं तरी समुद्राच्या वाऱ्यात ते फार कमी वाटतं.

आता मताच्या अधिकाराचा मुद्दा. माझ्यासारख्या परदेशात राहणाऱ्या माणसाला यात सगळ्यात जास्त विचार करावासा वाटला. लागटिंगसाठी मत द्यायला फिनलंडचं नागरिकत्व पुरत नाही. हेमबिग्द्सरेट, म्हणजे ओलांडचा अधिवासी हक्क, हवा. तो जन्माने आईवडिलांकडून मिळतो. बाहेरून आलेल्याला फिनिश नागरिकत्व, पाच वर्षांचं सलग वास्तव्य आणि पुरेशी स्वीडिश एवढं सगळं लागतं. बेटं सोडून पाच वर्षं बाहेर राहिलात तर तो जातो. जमीन विकत घ्यायची किंवा धंदा करायचा तरी हाच हक्क विचारतात. कम्युनच्या निवडणुकीत, जी त्याच दिवशी होते, हा हक्क नसलेल्यांनाही ठरावीक अटींवर मत देता येतं. म्हणून मतदान केंद्रावर काहींच्या हातात दोन मतपत्रिका पडतात, काहींच्या एकच.

स्वीडनमध्ये मीही नगरपालिकेला मत देते आणि संसदेला देऊ शकत नाही, त्यामुळे ती एक मतपत्रिका घेऊन जाणारी माणसं पाहून मला वाईट वाटलं. चार वर्षं तिथे राबणाऱ्या माणसाला कायदे करणाऱ्यांना निवडता येत नाही, हे कठोरच आहे. पण ३० हजारांची भाषा दोन मोठ्या देशांच्या मधोमध शंभर वर्षं टिकली ती याच कुंपणामुळे, हेही तितकंच खरं. मुदत थोडी कमी करावी, हक्क मात्र ठेवावा, असं माझं मत झालं.

मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आत जाण्याचा हट्ट धरू नका. आणि फोटो? आधी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा, मतदार दिसतील असे तर काढूच नका. मी दारापाशी उभी राहून पाहिलं. आपल्याकडच्या ईव्हीएमची सवय असलेल्यांना ही पद्धत फार साधी वाटेल. ओळखपत्र दाखवायचं, घडीची मतपत्रिका घ्यायची, आडोशाला जाऊन उमेदवाराचा क्रमांक हाताने लिहायचा, अधिकाऱ्याकडून शिक्का मारून घ्यायचा आणि पेटीत टाकायची. बोटाला शाई नाही. संपूर्ण ओलांड एकच मतदारसंघ आहे. तुमचं मत उमेदवाराला पडतं आणि त्याच वेळी त्याच्या पक्षाच्या खात्यात जमा होतं. पक्षाला किती जागा ते एकूण मतांवरून ठरतं आणि त्या कुणाला मिळणार ते वैयक्तिक मतांवरून. दहातले साधारण सात जण मत देतात, आणि एका जागेमागे चार-पाचशे मतं पडतात. त्यामुळे उमेदवार आपल्या मतदारांपैकी अनेकांना नावानिशी ओळखतो.

दुपारचा मोकळा वेळ बूमार्सुंदच्या पडक्या किल्ल्यासाठी ठेवा, पण त्यासाठी भाड्याची गाडी लागेल. क्रिमियन युद्धात १८५४ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी तो रशियन किल्ला उद्ध्वस्त केला आणि १८५६ च्या पॅरिस तहात बेटांवर लष्करी बांधकाम करायचं नाही असं ठरलं. ते आजही लागू आहे. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेल्यावर हा प्रश्न पुन्हा पेटला होता आणि प्रचारात प्रत्येक उमेदवाराला त्यावर बोलावं लागत होतं. मारिएहाम्नमधल्या रशियन वाणिज्य दूतावासासमोर युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून लोक संध्याकाळी निदर्शनं करायला जमत. पंधरा-वीस माणसं, निळेपिवळे झेंडे, पोलिसांची धावपळ नाही.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर चीज, ब्रेड आणि बटाट्यावर निभावेल. ओलांडचं पॅनकेक मात्र चुकवू नका: रव्याची खीर, दूध, अंडी आणि भरपूर वेलदोडा घालून भट्टीत भाजलेलं, वर सुक्या आलूबुखाऱ्याचं सारण आणि फेटलेली साय. वेलदोड्याच्या शिऱ्याची वडी भाजून खावी तसं लागतं. अंडं चालत नसेल तर आधीच विचारा, ते त्यात असतंच. आणि रविवारी दुकानं-उपाहारगृहं लवकर बंद होतात, रात्रीची सोय दुपारीच करून ठेवा.

मतमोजणी त्याच रात्री होते. मी ज्या घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरले होते तिथले काका-काकू दिवाणखान्यात ओलांड्स रेडिओ लावून बसले होते, मलाही बोलावलं. एकेका कम्युनचा आकडा येई तसं काका वहीत पेन्सिलीने मांडत. छोट्या बेटांचे आकडे आधी आले, मारिएहाम्नचे शेवटी. मध्य पक्ष गावांकडे पुढे, शहर आलं तसे लिबरल वर सरकले. अखेर लिबरल सगळ्यांत मोठा पक्ष ठरला. काका मध्य पक्षाचे. त्यांनी वही मिटली, ‘फेरी कोण चालवतं ते बघू आता,’ म्हणाले आणि झोपायला गेले. पुढचे काही आठवडे वाटाघाटी चालल्या आणि कात्रिन शोग्रेन पुन्हा सरकारच्या प्रमुख झाल्या.

सोमवारी लगेच बोट धरू नका. सकाळी दोन्ही स्थानिक वृत्तपत्रं विकत घ्या, ओलांड्सतीदनिंगेन आणि नीआ ओलांड. त्यात एकेका उमेदवाराची मतं छापलेली असतात. पहिलं युलियुस सुंडब्लूम यांनी १८९१ मध्ये काढलं आणि तेच पुढे लागटिंगचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा लागटिंगच्या इमारतीपाशी आहे, शहराच्या मध्यावरून पायी दहा मिनिटांत तिथे पोचता येतं. ती इमारत आतून पाहायची असेल तर जाण्याआधी ई-मेल करून वेळ ठरवा. नवी लागटिंग १ नोव्हेंबरला बसते, त्यामुळे निवडणुकीनंतर लगेच सभागृह रिकामंच असेल. बैठक ऐकायची असेल तर नोव्हेंबरात वेगळी खेप करावी लागेल. २०२७ साठी बोटीचं तिकीट मिळायला अडचण येऊ नये, मारिएहाम्नमधल्या खोल्या मात्र मोजक्या आहेत. त्या उन्हाळ्यातच ठरवून टाका.