नफा वहीत, पैसा वाटेत

छोटा व्यवसाय बंद पडला की ‘धंदा चालला नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण बंद पडलेल्यांपैकी पुष्कळांचा धंदा चाललेला असतो. हातात ऑर्डरी असतात, मालाबद्दल तक्रार नसते, वर्षाअखेरीला वहीत नफाही दिसतो. फक्त पगाराच्या दिवशी खात्यात रोकड नसते.

अर्थव्यवस्थेत छोट्या उद्योगांचं स्थान किती मोठं, हे सांगणारे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. जगातल्या एकूण व्यवसायांपैकी सुमारे ९० टक्के आणि रोजगारातला निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा, असं जागतिक बँक सांगते. एवढे लोक ज्यांच्यावर अवलंबून आहेत, त्या व्यवसायांचा पैसा नेमका कुठे अडकतो, हे मात्र फार कमी वेळा मांडलं जातं. म्हणून हे लिखाण खेळत्या भांडवलाबद्दल, म्हणजे रोजचा धंदा चालवताना मालात आणि उधारीत गुंतून राहणाऱ्या पैशाबद्दल.

हिशेब करून बघू. चलन कोणतंही घ्या. एक छोटा उत्पादक दिवसाला १०० ची विक्री करतो. त्यातले ७० कच्च्या मालाचे, २० मजुरी, भाडं, वीज वगैरेचे आणि उरलेले १० नफ्याचे. कच्चा आणि तयार माल मिळून सरासरी ४५ दिवस पडून असतो. माल गेल्यावर गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देतं. पुरवठादार मात्र ३० दिवसांचीच उधारी देतो. म्हणजे माल घेतल्यापासून पैसे हातात यायला १०५ दिवस, आणि त्यातले ३० सोडले तर ७५ दिवस कच्च्या मालाचा पैसा मालकाच्या खिशातला. ७५ गुणिले ७०, झाले ५,२५०. शिवाय ६० दिवस मजुरी आणि इतर खर्च भागवायचा, तो १,२००. एकूण ६,४५० कायमचे अडकलेले. वर्षाचा नफा किती? ३,६५०. जवळजवळ २१ महिन्यांचा नफा गोदामात आणि दुसऱ्यांच्या खात्यात पडून आहे.

आता एक मोठी ऑर्डर येते आणि विक्री दुप्पट होते. सगळ्यांना आनंद होतो. पण त्या वाढीव विक्रीचा पहिला पैसा १०६ व्या दिवशी येणार, आणि तोवर आणखी ६,४५० कुठून तरी आणावे लागणार. हिशेबनीस याला ओव्हरट्रेडिंग म्हणतात. मंदीत बुडणारे व्यवसाय डोळ्यांना दिसतात, पण भरभराटीत बुडणाऱ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणूनच मला हा धोका जास्त गंभीर वाटतो. बाहेरून पैसा न आणता किती वाढता येईल, याचा ढोबळ अंदाज सोपा आहे: व्यवसायातच ठेवलेला वार्षिक नफा भागिले अडकलेलं भांडवल. सगळा नफा आत ठेवला तर ३,६५० भागिले ६,४५०, म्हणजे वर्षाला ५७ टक्के. घरखर्च, कर आणि हप्ते यांत निम्मा गेला तर २८ टक्के. त्याहून वेगाने वाढायचं असेल तर आधी पैशाची सोय, मग ऑर्डरीला होकार.

मुळात हा १० टक्के नफा तरी खरा आहे का, हेही तपासावं. इथे एक चूक अगदी नेहमी होते. ‘३० टक्के मार्जिन हवं’ म्हणून खरेदीवर ३० टक्के चढवले जातात. ७० वर ३० टक्के म्हणजे विक्री ९१. मार्जिन २३ टक्केच राहिलं, आणि २० चा इतर खर्च वजा केला की हातात १ उरतो. ३० टक्के मार्जिन विक्रीवर हवं असेल तर ७० ला ०.७ ने भागायचं, तेव्हा १०० येतात. सवलतीचंही तसंच. १०० च्या मालावर १० ची सूट दिली की ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून फक्त मालाची किंमत वजा करून उरलेला, ३० वरून २० वर येतो, आणि तेवढाच ढोबळ नफा मिळवायला दीडपट माल विकावा लागतो. दीडपट मालासाठी खेळतं भांडवलही तेवढंच जास्त लागतं, हे सूट देताना लक्षातच येत नाही.

अडकलेला पैसा सोडवायच्या तीन जागा: माल, येणी आणि देणी. मालाचं थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक वस्तू शेवटची कधी हलली याची यादी महिन्यातून एकदा काढावी. ९० दिवस न हललेल्या वस्तूंची नवी खरेदी थांबवावी आणि असलेला साठा खरेदीच्या भावाने का होईना, काढून टाकावा. घाऊक खरेदीत ५ टक्के स्वस्त मिळालेला माल चार महिने पडून राहिला, तर ते ५ टक्के व्याजात आणि खराबीत जातात. साठा ४५ वरून ३५ दिवसांवर आला तर आपल्या उदाहरणात ७०० सुटतात.

येण्यांमध्ये खरी कसोटी आहे. ‘६० दिवस’ म्हणजे कधीपासून ६० दिवस? माल पोचल्यापासून, बिल मिळाल्यापासून, की ज्या महिन्यात बिल लागलं त्या महिन्याच्या अखेरीपासून? तिसरा अर्थ लावला गेला तर २ तारखेला दिलेल्या मालाचे दिवस जवळजवळ महिनाभराने मोजायला लागतात. गिऱ्हाईकाकडे पेमेंट महिन्यातून एकदाच निघत असेल तर त्यावर आणखी काही दिवस. कागदावर ६० असलेली उधारी प्रत्यक्षात ९५ दिवसांची होते, आणि करार कुणीच मोडलेला नसतो. म्हणून भाव ठरवतानाच लिहून घ्यायचं: दिवस कोणत्या तारखेपासून, बिल कुणाच्या नावे आणि कुठे पाठवायचं, मंजुरी कोण देतं, पेमेंट कोणत्या तारखांना निघतं.

बिलं अडकण्याची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात. ऑर्डर क्रमांक लिहिलेला नसतो. मालासोबत गेलेल्या चलनावरची संख्या आणि बिलावरची संख्या जुळत नाही. दर ऑर्डरीत एक, बिलात दुसरा. कराचा क्रमांक चुकलेला. माल उतरवून घेणाऱ्याची सही नाही. अशा बिलाला कुणी नकार कळवत नाही, ते नुसतं पडून राहतं आणि मुदत उलटल्यावर चौकशी केली की ‘बिलात चूक आहे, नवीन पाठवा’ असं उत्तर येतं. मग दिवस पुन्हा एकपासून सुरू. यावर उपाय एकच. माल गेला त्याच दिवशी बिल पाठवायचं, आणि तीन-चार दिवसांनी फोन करून ते त्यांच्या हिशेबात नोंदलं गेलं का हे विचारायचं. हा फोन पैशांसाठी नसतो, त्यामुळे करायला संकोच वाटायचं कारण नाही.

पुढचा फोन मुदतीच्या आठवडाभर आधी: पेमेंटच्या यादीत आपलं बिल आहे ना? मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरा. सात दिवसांनी लेखी पत्र, थकलेल्या बिलांच्या यादीसह. पंधरा दिवसांनी नवा माल रोखीनेच. हे टप्पे आधी ठरलेले असले की तगादा वैयक्तिक राहत नाही, तो व्यवसायाचा नियम होतो. एखाद्या वस्तूवरून वाद असेल तर तेवढी रक्कम बाजूला ठेवून बाकीची मागावी. दोन नगांच्या तक्रारीपायी दोनशे नगांचे पैसे अडवून ठेवले जातात, ते कुणी वेगळे मागत नाही म्हणून.

लवकर पैसे मिळावेत म्हणून सूट द्यायची पद्धत सर्रास आहे, पण तिची किंमत काढून बघा. ३० दिवसांऐवजी १० व्या दिवशी दिले तर २ टक्के सूट. म्हणजे ९८ चे पैसे २० दिवस आधी मिळवण्यासाठी २ मोजले. वर्षाच्या हिशेबाने हे ३७ टक्के व्याज झालं. दुसरा कुठलाही पैसा मिळत नसेल तरच हा मार्ग. उलट, पुरवठादार आपल्याला अशी सूट देत असेल आणि हातात रोकड असेल, तर ती सोडू नये.

आगाऊ रक्कम हे यापेक्षा फार ताकदीचं साधन आहे. वर्षानुवर्षं उधारीवर देत आलेल्यांना ती मागायला जड जातं, हे समजू शकतं. तरी हिशेब बघा. कच्चा माल घेताना ऑर्डरीच्या ३० टक्के आगाऊ मिळाले, तर ते ३० पूर्ण १०५ दिवस आधी आले. त्याने ३,१५० मोकळे होतात, अडकलेल्या पैशाच्या जवळजवळ निम्मे. गिऱ्हाईकाच्या मापाने किंवा नमुन्यावरून बनवलेला, दुसऱ्या कुणाला विकता न येणारा माल तर आगाऊ घेतल्याशिवाय करूच नये.

उधारीची मर्यादाही गिऱ्हाईकाकडे बघून ठरवू नये, स्वतःची कुवत बघून ठरवावी. १,००० चं एक बिल बुडालं तर खिशातून गेलेले ९०० भरून काढायला १० टक्के नफ्याने ९,००० ची विक्री लागते. नव्वद दिवसांची मेहनत. आणि एकाच गिऱ्हाईकाकडे तिसऱ्या हिश्शाहून जास्त विक्री असेल, तर उधारीचे दिवस तेच ठरवणार हे धरून चालावं.

या सगळ्याचा ताळा ठेवायला मोठी प्रणाली लागत नाही. तेरा आठवड्यांचा एक तक्ता पुरतो. तेरा यासाठी की त्यात तिमाही कर, भाडं, हप्ते असं सगळं एकदा तरी येऊन जातं. प्रत्येक आठवड्याला सुरुवातीची शिल्लक, येणारा पैसा, जाणारा पैसा आणि अखेरची शिल्लक. येणारा पैसा बिलाच्या मुदतीप्रमाणे लिहिला तर तक्ता खोटा होतो. ते गिऱ्हाईक आजवर खरोखर किती दिवसांनी देत आलंय, त्याप्रमाणे लिहायचा. मालकाचा पगार जाणाऱ्या पैशात ठराविक रकमेने दाखवायचा. गिऱ्हाईकांकडून गोळा केलेला कर वेगळ्या खात्यात टाकायचा, कारण तो आपला नाहीच, आणि तोच वापरून पगार केला की पुढच्या महिन्यातला खड्डा दुप्पट होतो. तक्ता दर आठवड्याला पुढे सरकवायचा. सातव्या आठवड्यात शिल्लक उणे दिसली तर खरेदी पुढे ढकलता येते, वसुलीला जोर लावता येतो, बँकेशी बोलता येतं. तेच आदल्या दिवशी कळलं तर उरतं फक्त सर्वात महाग कर्ज.

खेळत्या भांडवलातून यंत्र घेणं, हीसुद्धा घातक चूक. यंत्र पाच-सात वर्षांत पैसे परत करतं, पुरवठादार तीस दिवसांत मागतो. यंत्राला काही वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचं मुदतीचं कर्ज, मालाला लागेल तसं काढायचं-भरायचं फिरतं कर्ज, हा भेद पाळलाच पाहिजे.

राहिली देणी. पुरवठादाराला उशिरा देऊन स्वतःची रोकड सांभाळता येते, पण तो बहुधा आपल्याहूनही लहान असतो. एकाचे ६० दिवस खालच्याचेही ६० दिवस होतात, आणि साखळीच्या टोकाला असलेल्या माणसाचा पगार थांबतो. इथून हा विषय एका व्यवसायापुरता राहत नाही. मोठा खरेदीदार ज्याला उधारी म्हणतो, ते छोट्यांनी मोठ्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज असतं. ज्याला स्वस्त कर्ज मिळू शकतं तो ते ज्याला महाग मिळतं त्याच्याकडून घेतो, याला कोणताही आर्थिक तर्क नाही.

कायदे झाले आहेत. भारतात २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांसाठी ४५ दिवसांची कमाल मुदत घातली, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात सरकारी खरेदीदारांना साधारण ३० दिवस आणि कंपन्यांना ६०. पण त्यात दोन्ही बाजूंनी स्पष्ट मान्य केलं, आणि अट पुरवठादारावर उघड अन्याय करणारी नसेल, तर ६० हून जास्तही चालतात. व्याजाचा हक्क कागदावर भक्कम आहे. तो मागितला तर पुढची ऑर्डर जाईल या भीतीने मागितला जात नाही, म्हणून कायद्याचा उपयोग अपुरा राहतो.

मुदत खरोखर कमी केली तर काय होतं, याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे. २०११ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने छोट्या कंत्राटदारांना ३० ऐवजी १५ दिवसांत पैसे द्यायला सुरुवात केली. कर्ज नाही, अनुदान नाही, फक्त त्यांचेच पैसे पंधरा दिवस आधी. जाँ-नोएल बारो आणि रमणा नंदा या अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला, तेव्हा या व्यवसायांनी पगारावरचा खर्च आणि माणसं वाढवल्याचं दिसलं. जिथे बेरोजगारी आधीच कमी होती, तिथे ही माणसं बरीचशी इतर व्यवसायांतून ओढली गेली. जिथे हाताला काम नव्हतं, तिथे खरी नवी कामं निर्माण झाली. श्रीलंकेत अगदी छोट्या व्यावसायिकांना चिठ्ठ्या टाकून रोख रक्कम किंवा साहित्य देण्याचा प्रयोग झाला होता. त्यात भांडवलावरचा सरासरी परतावा महिन्याला ५ टक्क्यांच्या आसपास निघाला, बँकेच्या व्याजाहून कितीतरी जास्त. स्त्रियांच्या व्यवसायांत मात्र सरासरी वाढ दिसली नाही, त्यामुळे पैसा हाच एकमेव अडसर असं म्हणता येत नाही. पण पुष्कळांपुढचा पहिला अडसर तोच आहे.

म्हणून मोठ्या खरेदीदाराच्या हिशेब विभागात बसलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पेमेंट महिन्याऐवजी दर आठवड्याला काढा. दिवस माल उतरल्यापासून मोजा. बिलात चूक असेल तर तीन दिवसांत कळवा, मुदत संपेपर्यंत थांबू नका. आणि छोट्या पुरवठादारांची बिलं यादीत सर्वात वर ठेवा, कारण रक्कम तुमच्या दृष्टीने नगण्य असते आणि त्यांच्याकडे त्या आठवड्याचे पगार त्यातूनच व्हायचे असतात.