सव्वादोन फुटांचं जोतं, २७ फुटांचा रॅम्प

सांगलीत कृष्णेच्या अंगाला घर असेल तर जोतं उंच ठेवतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्यांना त्याचं कारण सांगायला नको. पण तेच जोतं वडिलांच्या व्हीलचेअरच्या आड आलं. चढाचा नियम १ ला १२, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. आमचं जोतं २७ इंचांचं, म्हणजे रॅम्प २७ फुटांचा. फाटकापासून पायरीपर्यंत जागा होती १६ फूट.

गवंड्याचं म्हणणं, "१२ फुटांत बसवतो की!" बसतो, नाही असं नाही. पण चढ १ ला साधारण सव्वापाच होतो. चढवताना ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना खुर्चीच त्याला ओढत नेते. म्हणून रॅम्प काटकोनात वळवला: कडेच्या भिंतीलगत १५ फूट, वळणावर ५ बाय ५ फुटांचा सपाट टप्पा, पुढे १२ फूट. दारासमोर पुन्हा ५ फूट सपाट, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची उतारावर धरून ठेवावी लागते. रुंदी ४ फूट. दोन्ही कडांना ४ इंचांचा कठडा हवाच, पुढचं छोटं चाक कडेवरून निसटायला वेळ लागत नाही. रेलिंगही दोन्ही बाजूंना लावा. एकाच हातात ताकद असेल, तर चढताना कामाला येणारं रेलिंग उतरताना नको त्या हाताला येतं.

आता खरी गोम. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आमचा पहिला रॅम्प त्याच मातीवर थेट काँक्रीट ओतून केला होता. मे महिन्यात जोत्याजवळ पाऊण इंच खचला. पाऊण इंच ऐकायला काहीच नाही, पण पुढचं चाक तिथेच अडतं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. तोडून पुन्हा केला. दोन फूट काळी माती काढली, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसाने ठोकला, वर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि ४ इंच काँक्रीट. रॅम्प जोत्याला सळईने बांधला नाही, मध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून सीलंट भरलं. दोन्हींची हालचाल वेगळी असते. जोडले की तडा ठरलेला. वर टाइल्स नकोत. ओल्या काँक्रीटवर खराट्याने आडवे ओरखडे ओढले की पकड मिळते. पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते मात्र घासावंच लागतं.

बाथरूमचं दार नावाला अडीच फुटांचं होतं. चौकट आणि उघडलेली फळी वजा जाता मोकळी जागा २६ इंच उरली. खुर्चीची रुंदी २५. मग बोटं सोलवटणारच. ३२ इंच मोकळे मिळाले पाहिजेत. आमची साडेचार इंची आडभिंत होती, निभावलं. नऊ इंची भिंतीवर स्लॅबचा भार असेल तर आधी टेकू द्या आणि लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, नवीन टाका. दाराची जागा रुंद केली की जुन्या लिंटेलला दोन्ही टोकांना टेकायला भिंत उरत नाही. दार आत उघडणारं होतं, ते बाहेरून सरकणारं केलं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडतं.

ग्रॅब बारच्या, म्हणजे भिंतीवरच्या आधाराच्या दांड्याच्या, बाबतीत मात्र कुणाचं ऐकू नका. तो टॉवेल अडकवायला नसतो, तोल गेलेल्या माणसाचं सगळं वजन झटक्यात त्याच्यावर येतं. प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू तिथे टिकत नाहीत. साडेचार इंची भिंतीत फुगणारा फास्टनर घट्ट पिळला तर वीटच फुटते. आम्ही आरपार बोल्ट घातले आणि पलीकडे लोखंडी पट्टी दिली. नळी सव्वा ते दीड इंच जाड, भिंतीपासून दीड-दोन इंच सुटी. कमोडशेजारी आडवा बार सीटच्या आठ-दहा इंच वर. खरी उंची मात्र माणसाला बसवूनच खूण करा.

कमोड उंच करायला खाली सिमेंटचा कट्टा करायला निघालो होतो. आउटलेट भिंतीत असेल तर उंची बदलली की पाइप जुळत नाही. आम्ही १८ इंच उंचीचं नवीन भांडंच बसवलं. सीट उंच करायला वरून लावायचं सीट रेझर स्वस्त पडतं, पण क्लॅम्प ढिला होतो, रोज हलवून बघावा लागतो. सोलरचं पाणी उन्हाळ्यात पोळतं आणि मधुमेहात पायांना ते कळेलच असं नाही. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं.

उंबऱ्यावरून घरात वाद झाला. काढायचा नाही, असं आईने ठणकावलं. दोन इंचांच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन फुटांचे उतार दिले. हळद-कुंकवाची जागा मधे तशीच राहिली. प्लायवूडचा उतार करू नका. एका पावसात फुगतो, आणि पुरात तर तरंगतच जातो.

बाकी किरकोळ. पलंग इतकाच उंच ठेवा की बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. बटणं ४ फुटांच्या आत घ्या. पलंगापासून संडासापर्यंत रात्री आपोआप लागणारे दिवे बसवा. आणि वॉकरच्या पायांची रबरं दर महिन्याला उलटी करून बघा. मधली धातूची नळी दिसायला लागली की त्याच दिवशी बदला.