आडवं दांडकं

भर दुपारी गच्चीत तंबू उलटा करून वाळत घातलाय. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर बाळासकट मुक्काम केला, पावसाचा थेंब नव्हता, तरी कापड आतून ओलंच. बाळाला गारठा लागेल म्हणून तंबूची वरची झडप कुणीतरी मायेनं गच्च लावून घेतं. मग चार माणसांचा रात्रभरचा श्वास गार कापडावर जमतो आणि पहाटे टपटप बाळाच्याच कुंचीवर पडतो. झडप चार बोटं उघडी हवी. गारठा खरा खालून येतो. ताडपत्री, तिच्यावर फोमची चटई, मग घोंगडं, मग गोधडी असं अंथरूण जाड करावं, पांघरुणांचा ढीग नको. बाळाचे हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेमागं बोट लावून बघायचं. तिथं घाम असेल तर एक कपडा उतरवायचा, आजी काहीही म्हणू देत. शेगडी मात्र आत नकोच, विझत आलेले निखारेसुद्धा नकोत. त्यांचा विषारी वायू दिसत नाही की त्याला वास येत नाही.

हल्ली घडीचे पाळणे मिळतात, जाळीचे. अर्धी डिकी खातात आणि पठारावरच्या खडकात एका पायावर डुगडुगतात. दुपारच्या झोपेला सुती लुगड्याची झोळी असताना हे कशाला, हे मला कळत नाही.

झोळीला कापड जुनं सुतीच हवं. नायलॉनची साडी दिसायला दणकट, पण तिची गाठ सरकते. फांदी दंडाएवढी जाड, हिरवी. आंबा चालेल. शेवगा नाही, तो कट्‌दिशी मोडतो. बांधण्याआधी वर बघायचं: वाळकी फांदी, मोहोळ, तांबडे मुंगळे. मग बाळाऐवजी दहा किलोची तांदळाची पिशवी घालून पाचेक मिनिटं झुलवायची. गाठ बसते, कापड ताणतं, झोळी वीतभर खाली येते. म्हणून उंची त्यानंतर ठरवायची. तळ जमिनीपासून हातभर, खाली गोधडीची घडी. आणि तोंडाशी एक आडवं दांडकं अडकवायचं, नाहीतर दोन्ही काठ मिटून कापड बाळाच्या नाकावर येतं. झोळी फार खोल झाली तर हनुवटी छातीला टेकते, श्वास अडतो. त्यामुळं जवळ बसून राहणारं माणूस हवंच. रात्री झोळी नाही. सपाट अंथरूण, उशी नको, बाळ उताणं.

रांगणाऱ्याचा ताप वेगळा. त्याला सगळ्या जगात खडे आणि तंबूच्या दोऱ्या एवढंच दिसतं. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या की मोठी माणसंही अडखळत नाहीत.

खाण्याचं काय सांगायचं, भडंग कोणी विसरत नाही. थर्मासात भरून नेलेला मऊ भात मात्र रात्री बाळाला देऊ नये, कोमट राहून तो बिघडतो. भाजलेल्या मूगडाळ-तांदळाचं पीठ न्यावं आणि तिथंच उकळत्या पाण्यात शिजवावं. सहा महिन्यांच्या आतल्याला आईचं दूध पुरे, वरून पाणीही नको.

जोतिबाच्या यात्रेला बैलगाडीनं जाणाऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. गाडी सोडायची, गाडीखालच्या सावलीत झोळी बांधायची, तीन दगडांची चूल मांडायची. असल्या मुक्कामाला नावसुद्धा नव्हतं.

आपला तंबूचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. उसाचाही तोच. पन्हाळ्याहून उतरताना केर्लीच्या आसपास फडाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, दिसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच तिथली मोजणी. बांधावरच्या बाभळीला झोळी असते. सरी संपली की आई येते, एक झोका देते, परत वाकते. जवळ बसून राहणारं माणूस म्हणजे चारेक वर्षांची बहीण.

झोळीच्या तोंडाशी आडवं दांडकं असतं. उसाचं.