भूकंपाच्या डेटाची क्वालिटी साठवायला डेटाबेस केला, त्याची गोष्ट

मी बडोद्यात दांडिया बाजारला राहते, काम डेटाबेसचं, आणि भूकंपाशी संबंध म्हणाल तर २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊला आम्ही शाळेच्या मैदानावर झेंडावंदनाला उभे होतो आणि पायाखालची जमीन हलली, एवढाच. तर मागच्या वर्षी ओळखीच्या एका काकांनी विचारलं की अगं, आमची भूकंप मोजायची १४ स्टेशनं आहेत, रोज डेटा येतो पण कुठलं नीट चाललंय कुठलं आजारी आहे ते एक्सेलमध्ये बघून बघून डोळे गेले, काहीतरी करून दे. मला वाटलं आठ दिवसांचं काम. तीन महिने लागले.

पहिलं टेबल मी केलं ते प्रत्येक मापाला एक कॉलम असं. डेटा किती टक्के आला, गॅप किती, ओव्हरलॅप (एकाच वेळेचा डेटा दोनदा) किती, सरासरी, आरएमएस म्हणजे सिग्नल साधारण किती मोठा ते. दर आठवड्याला काकांचं नवीन माप, दर आठवड्याला टेबलात नवीन कॉलम, कंटाळले. मग दुसऱ्या टोकाला गेले, एकच लांब टेबल, चॅनेल (स्टेशनच्या सेन्सरची एकेक दिशा, प्रत्येकी तीन), मापाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, आणि आकडा. हे मस्त चाललं, पीएसडी येईपर्यंत.

पीएसडी म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती नॉईज आहे त्याचा आलेख, आणि तो लागतोच, कारण केबल निघालेली असली तरी डिजिटायझर, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचे आकडे करणारा डबा, इमानदारीत आकडे पाठवत राहतो, हजेरी १०० टक्के दिसते, पण नॉईज पीटरसनने १९९३ मध्ये जगभरच्या स्टेशनांवरून काढलेल्या किमान नॉईजच्या रेषेच्याही खाली गेलेला असतो आणि इतकी शांत जमीन पृथ्वीवर सहसा मिळत नाही. ऑब्सपाय, म्हणजे भूकंपाच्या डेटासाठीची पायथन लायब्ररी, तासातासाचे, अर्धे एकमेकांवर चढलेले तुकडे घेतं, म्हणजे दिवसाला ४७. आमचे चॅनेल ४२. प्रत्येक पीएसडीत शंभरेक आकडे. लांब टेबलात टाकलं असतं तर वर्षाला सात कोटी ओळी! मग एका पीएसडीला एक ओळ आणि आकडे ॲरेत, म्हणजे एकाच खान्यात यादी करून, वर्षाला सात लाखांच्या आसपास, आणि गॅपचं वेगळं टेबल, कारण गॅपला सुरुवात आणि शेवट असतो, नुसता आकडा ठेवून काय करणार.

लोकेशन कोडने, म्हणजे एकाच स्टेशनवरचे सेन्सर वेगळे ओळखायच्या दोन अक्षरांनी, पण एकदा पिडलं. काही स्टेशनला तो ००, काहींना चक्क रिकामा, मी रिकाम्याच्या जागी नल (किंमतच नाही) ठेवला, आणि आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, तो युनिकमध्ये, म्हणजे एक नोंद दोनदा नको या नियमात, दोन नल वेगळे धरतो, त्यामुळे एकच चॅनेल दोनदा नोंदला गेला. नल काढून दोन डॅश ठेवले, विषय संपला.

खरी फजिती पुढे झाली. एका रात्री माझी स्क्रिप्ट मधेच बंद पडली, तीन स्टेशनांची मापं निघालीच नाहीत, आणि मी रिपोर्टमध्ये जिथे ओळ नाही तिथे शून्य दाखवत होते. काकांनी बघितलं, कच्छातलं स्टेशन ० टक्के, रात्रभर बसमध्ये बसून गेले. तिथे हिरवा दिवा छान लुकलुकत होता. परत येताना दाबेलीचा मसाला आणला, माझ्या टेबलावर ठेवला आणि एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. त्याच दिवशी वेगळं टेबल केलं, कुठल्या चॅनेलचं कुठल्या दिवसाचं गणित झालं, झालं नाही, अडलं तर कुठे अडलं. शून्य आलं आणि मोजलंच नाही, या दोन गोष्टी आता दोन रंगात दिसतात.

आणि डेटा उशिरा पण येतो बरं का. सिमकार्डाला रेंज नसली की मंगळवारचा डेटा शुक्रवारी येतो, ६२ टक्क्याचे ९९ होतात. मी जुना आकडा पुसून नवा लिहायचे, तर काका म्हणाले, ‘अगं, मी बुधवारी ६२ छापून वर पाठवलंय, आता मी खोटा ठरतो की!’ बरोबरच होतं. तेव्हापासून काही पुसत नाही, नवी ओळ, कधी मोजलं त्याची वेळ आणि स्क्रिप्टचं व्हर्जन सोबत, रिपोर्ट शेवटची ओळ उचलतो.

वेळेचं राहिलं. सुरुवातीला मी दिवस आपल्या घड्याळाचा धरला होता, भूकंपवाले सगळे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बोलतात, त्यांचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. बदलताना जीवावर आलं, पण फायदा नवरात्रात कळला. गावातल्या स्टेशनवर रात्री नऊनंतर १ ते १० हर्ट्झमध्ये नॉईज चढला, आपल्या तारखेत तो मध्यरात्री कापला जाऊन दोन दिवसांत वाटला गेला असता, यूटीसीत अख्खी रात्र एकाच दिवसात बसली. काका सेन्सर बदलायला निघाले होते. मी आणखी एक छोटं टेबल केलं, माणसाने लिहायच्या शेऱ्यांचं, आणि त्या नऊ दिवसांपुढे लिहून ठेवलं: गरबा, स्टेशन ठीक आहे.