अकरा टक्क्यांच्या आत

एम.एस्सी.ला असताना सरांनी वर्गात सांगितलं की क्वांटम क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे प्रकाशकणांच्या मदतीने गुपित राखायच्या शास्त्राचा, पहिला प्रोटोकॉल (ठरलेली पद्धत), बीबी८४, बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ साली मांडला तो बंगळुरूच्या परिषदेत. हे सगळं फार लांब कुठेतरी चालतं असं मला वाटायचं. त्या दिवसापासून वाटेनासं झालं. मग नेट, जेस्ट, गेट या परीक्षांत दीड वर्ष गेलं आणि फेलोशिप मिळाल्यावर पीएच.डी.ला हाच विषय घेतला.

कसोटी लागली तिसऱ्या वर्षी. बीबी८४ मध्ये एकेका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, पोलरायझेशनवर (कंपनाच्या दिशेवर) ०-१ असे बिट पाठवून दोन बाजू गुप्त किल्ली तयार करतात, संदेश कुलूपबंद करायला. त्या किल्लीचे काही बिट दोन्ही बाजू उघड करून ताडून बघतात. चुका साधारण ११ टक्क्यांच्या वर गेल्या, तर ती किल्ली टाकून द्यायची, कारण मध्ये कोणी ऐकलं नाही याची हमी उरत नाही. आमचा आकडा कधी चार, कधी तेरा. लेझर तपासला, डिटेक्टर आणखी थंड केला, टेबलावरचं काळं कापड दुहेरी केलं. चार महिने हेच. एका रात्री आलेख मोठा करून बघत बसले होते. चुका सरसकट वाढत नव्हत्या, ठरावीक वेळाने लाट यायची आणि ओसरायची. तेवढ्यात एसीचा कॉम्प्रेसर घरघरला आणि रेष वर चढायला लागली. दोनेक मीटर फायबर थेट गार हवेच्या झोतात लोंबत होती. तापमान बदललं की फायबरमधून जाणाऱ्या प्रकाशाचं पोलरायझेशन फिरतं, हे मी परीक्षेत कितीदा लिहिलं होतं! फायबर थर्माकोलच्या खोक्यात बंद केली. सकाळपर्यंत आकडा चारच्या वर गेला नाही. मी गाईडना सहा वाजता फोन केला, त्यांनी चिडायच्या ऐवजी "आलोच" म्हटलं.

थिसिस दिल्यावर परीक्षकांचे अहवाल यायला दहा महिने लागले. फेलोशिप संपलेली. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, मानधन सहा-सहा महिने यायचं नाही. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली किती तरी मुलं आजही असंच शिकवतात, आणि हा अन्याय आहे.

पण शिकवणं मला आवडलं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून पोलरायझर फिल्म आणली. दोन तुकडे आडवे-उभे धरले की अंधार. मध्ये तिसरा तिरका सरकवला की उजेड परत येतो. मुलं पुन्हा पुन्हा करून बघायची. मग नाणी उडवून वर्गातच बीबी८४ खेळलो. एकाला मधे चोरून ऐकायला बसवलं. ताडून पाहिलेल्या ४८ बिटांत ११ चुकीचे निघाले. सिद्धांत सांगतो पाव भाग.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "तुमचा लेझर एकेक फोटॉन देत नाही. एका पल्समध्ये दोन आले तर?" हाच प्रश्न एस.वाय.च्या एका मुलीने मला आधीच विचारला होता. पल्समागे सरासरी अर्धा फोटॉन ठेवला तरी शंभरातल्या नऊ पल्समध्ये दोन किंवा जास्त निघतात, आणि चोर एक ठेवून दुसरा पुढे पाठवू शकतो. म्हणून तीव्रता बदलती ठेवून डिकॉय, म्हणजे फसवे, पल्स मिसळायचे, की अशी चोरी उघडी पडते. तिच्यासाठी फळ्यावर मांडलं होतं, तसंच तिथे मांडलं.

आता मी पूर्णवेळ शिकवते. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींवर मंजुरी मिळाल्यापासून पालकही येऊन विचारतात, यात नोकरी आहे का? मी त्यांना वाट किती लांबची आहे ते स्पष्ट सांगते आणि मुलीला फिल्मचे तीन तुकडे देऊन खिडकीपाशी उभं करते.