मागच्या बाकावरून पाहिलेला गणिताचा तास

आमच्या शाळेत एकाच्या तासाला दुसरं कोणी जाऊन बसलं, तर त्याचा अर्थ एकच असायचा: लॉगबुकात शेरा पडणार. त्यामुळे सातवीच्या गणिताच्या मॅडम स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "ज्यांचा ऑफ तास आहे त्यांनी आज माझ्या वर्गात येऊन बसा," तेव्हा दोघं-तिघं हसलेच. मॅडम थट्टा करत नव्हत्या. अट एवढीच, की त्यांच्याकडे बघायचं नाही. प्रत्येकाने दोन मुलं वाटून घ्यायची आणि ती काय करतात, काय बोलतात, तेवढंच टिपायचं. जपानमधले शिक्षक शंभराहून जास्त वर्षं असे एकमेकांचे पाठ पाहत आले आहेत, हे त्यांनी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. (प्रशिक्षणातलं काही वर्गापर्यंत पोचलं, हीच मुळात बातमी.)

माझ्या वाट्याला आलेल्यांपैकी एक मागच्या बाकावरचा. स्टाफरूममधली त्याची ओळख ठरलेली: "तो ना? तोंडच उघडत नाही." माझ्या भाषेच्या तासालाही गप्पच असतो.

फळ्यावर प्रश्न होता: तीन छेद चार आणि पाच छेद सहा, यांत मोठा कोणता? पुढून हात वर झाले, छेद समान करून नऊ छेद बारा आणि दहा छेद बारा असं उत्तर आलं, गाडी पुढच्या उदाहरणावर गेली. याने हात वर केलाच नव्हता. वहीच्या शेवटच्या पानावर दोन आयत काढले होते, एकाचे चार भाग, दुसऱ्याचे सहा. दोन्हींत एकेक भाग रिकामा. खाली लिहिलं होतं, "दोन्हीत एकच कमी. सहातला एक लहान." म्हणजे पाच छेद सहा मोठा. छेद समान करायची गरजच नाही!

शाळा सुटल्यावर बसलो. मी हे वाचून दाखवलं. मॅडमचा चेहरा जरा उतरला, मग त्यांनी विचारलं, "प्रश्न विचारल्यावर मी थांबत होते किती?" विज्ञानाच्या सरांनी घड्याळ लावलं होतं. बहुतेक वेळा दोन सेकंदसुद्धा नाही. त्यांनीच सांगितलं, की मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. "मग पोर्शन कधी संपणार?" असं कोणीतरी म्हणालंच. प्रश्न खोटा नाही. त्यावर तास-दीड तास वाद झाला, पण निदान तो शिकवण्यावरचा वाद होता. एरवी त्या खोलीत आम्ही रजा आणि परिपत्रकं यांवरच भांडतो.

पुढच्या आठवड्यात कोणीतरी पुन्हा "तोंडच उघडत नाही" म्हणालं, तर मॅडम पटकन म्हणाल्या, "वही उघडतो, ती बघा."

मुख्याध्यापकांना कल्पना आवडली आणि त्यांनी लगेच रकाने आखलेला निरीक्षण नमुना तयार केला. याचं पुन्हा लॉगबुकच होईल, असं आम्ही स्पष्ट सांगितलं. त्यांनी कागद मागे घेतला आणि पाठ पाहायचा असेल त्या दिवशी कुणाला बदली तास लावायचा नाही, हेही मान्य केलं. खेळाच्या सरांनी आता मैदानावर बोलावलंय. उन्हात उभं राहायचं म्हटल्यावर अजून नावं आलेली नाहीत.